भांगेचा गिलावा

"काय हो वहिनी, आज नळाला पाणी यायचा दिवस अन् तुम्ही माती कालवायल्या? अन् पाट्यावर ते लाल काय वाटलंय, चटणी?"

"चटणी कसली ताई, गेरू. अजिंठ्याच्या चित्रांचा क्लास लावलाय ना, दर रविवारी."

"अगंबाई! म्हणजे आता हॉलमध्ये पद्मपाणी बोधिसत्त्व!"

"कुठला पद्मपाणी! पहिल्या दिवशी सगळ्यांना तोच हवा होता. सर म्हणाले, आधी छत. पहिल्या-दुसऱ्या लेण्याच्या छतावर कमळं, फळं, वेली, हंस आहेत ना, ते आधी. आमच्या हंसाची मान अजून बदकासारखी वळते, अन् पद्मपाणीचे डोळे काढायला निघालो!"

"मग ही माती?"

"गिलाव्याची. चाळलेली माती, त्यात भाताचं तूस अन् सुतळीचे तुकडे. नुसती माती वाळली की तडकते, तूस तिला धरून ठेवतं. वरून चुन्याचा हात. तो खडखडीत वाळला की मगच रंग, डिंकाच्या पाण्यात कालवून. तिकडं इटलीत ओल्या चुन्यावर रंगवायचे, अजिंठ्यात कोरड्यावर. रंग तरी किती? गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरा, हिरवा दगड. निळा तेवढा लांबचा, अफगाणिस्तानातला लाजवर्द. आम्ही आपली दुकानातली ट्यूब पिळतो."

"आमचा पुतण्या म्हणतो, वेरूळच्या गिलाव्यात भांग आहे. काहीतरीच!"

"खरंय की! तेव्हा आपल्या मराठवाडा विद्यापीठात असलेले डॉ. मिलिंद सरदेसाई अन् पुरातत्त्व खात्यातून निवृत्त झालेले राजदेव सिंह, दोघांनी २०१६ मध्ये छापलंय. वेरूळच्या मातीत भांगेच्या झाडाचे तुकडे सापडले, अजिंठ्याच्या मातीत नाहीत. म्हणून वेरूळचा गिलावा टिकला अन् अजिंठ्याचा किड्यांनी खाल्ला, असं त्यांचं म्हणणं."

"मग तुमच्या मातीत काय घातलंय?"

"कडुनिंबाचा पाला! उगाच गल्लीत पोलीस यायचे."

"पण वहिनी, नकलाच काढायच्या, तर एवढी उस्तवार कशाला? फोटो आहेत की."

"असं नका म्हणू. रॉबर्ट गिल नावाच्या साहेबाला १८४४ मध्ये नकला काढायला नेमलं. त्यानं वर्षानुवर्षं इथं राहून काढल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स अन् त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून तेरा वर्षं परत काढत बसले. त्यातल्याही कितीतरी १८८५ला लंडनमध्येच जळाल्या."

"लंडनचं पाणीच सोसलं नाही म्हणायचं. बरं, मी आले तर चालेल का हो क्लासला? पैठणीवरचे हंस नेसतेच मी, काढूनही बघीन."

"या की. पण आधी एकदा छत बघून या. लोक पद्मपाणीपुढं गर्दी करतात अन् वर न बघताच बाहेर पडतात. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी लावायची, पुढं बस. फक्त सोमवारी जाऊ नका, अजिंठा बंद असतो. वेरूळ मंगळवारी."