नफा, खर्च वगळून

कारखान्यांची कामगिरी मोजणाऱ्या विद्वानांचे आभार मानावेत तेवढे थोडे. १९७० च्या दशकात अमेरिकेतले केबल-सम्राट जॉन मलोन यांनी 'एबिटडा' रुजवला : व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा. यंत्र झिजते, बँक हप्ता मागते, सरकार कर घेते. एवढ्या क्षुल्लक गोष्टींपायी चांगला आकडा कशाला नासवायचा?

दुसरे माप दरडोई विक्रीचे, म्हणजे विक्री भागिले कामगार. विक्री वाढवायला गिऱ्हाईक लागते, कामगार घटवायला एक नोटीस पुरते. उरलेले काम कंत्राटी माणसांनी करावे. त्यांची नावे ठेकेदाराच्या हजेरीपटावर असल्याने भाजक सडपातळ राहतो. तिसरे माप साठ्याचे : गोदाम जितके रिकामे, तितके व्यवस्थापन कुशल.

या तिन्ही कसोट्यांना गोव्यातल्या पेडणे-डिचोलीत पूर्ण उतरणारी वास्तू एकच, तेरेखोलचा किल्ला. सावंतवाडीकरांकडून तो १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. आज तिथे दारूगोळ्याचा साठा शून्य, शिबंदी शून्य आणि १९६१ च्या गोवामुक्तीनंतर पराभवही शून्य. शून्याने भागल्यास दरडोई शौर्य अनंत येते. शिवाय आत हॉटेल काढून विविधीकरणही साधले.

सुधारणेला वाव एकाच ठिकाणी दिसतो. केरीहून तेरेखोलला येणारी फेरीबोट अजून माणसांना घेऊन निघते. ही माणसे उतरवली, तर डिझेल बरेच वाचेल.