भोजनव्यवस्था: उत्तम

दुर्गम भागातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण कसं झालं, हे आपल्याकडे एक फॉर्म ठरवतो. तो शेवटच्या दिवशी, सगळ्यांची नजर शेवटच्या एसटीकडे लागलेली असताना वाटतात. 'प्रशिक्षण उपयुक्त वाटले का?' वाटले. 'विषय समजला का?' समजला. 'भोजनव्यवस्था कशी होती?' इथे मात्र लोक मनापासून लिहितात.

शिवाय चाचण्या असतात. सकाळी पूर्वचाचणी, संध्याकाळी उत्तरचाचणी. प्रश्न तेच, आणि मधल्या वेळात साहेबांनी उत्तरंही सांगितलेली. गुण वाढतात. अहवालात आलेख वर जातो, बॅनरपुढे फोटो निघतो, निधी मार्चच्या आत खर्ची पडतो.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी गृहस्थांनी १९५९ साली प्रशिक्षण जोखायच्या चार पायऱ्या सांगितल्या: आवडलं का, कळलं का, कामात उतरलं का आणि त्यातून काही घडलं का. आपण दुसऱ्या पायरीवर सतरंजी अंथरली. तिसरीसाठी गावात जावं लागतं, आणि जीपचं डिझेल वेगळ्या हेडखाली येतं.

चौथी पायरी चढलेली माणसं महाराष्ट्रातच आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत तिथल्याच, थोड्याफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. वजन करणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं, वेळ पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही. इंजेक्शन या बायकांच्या हातात, हे ऐकून भल्याभल्यांच्या पोटात गोळा आला असेल. पण बंगांनी बायकांना 'कसं वाटलं' एवढंच विचारलं नाही, बाळं मोजली. प्रशिक्षण न दिलेल्या ४७ गावांतलीही मोजली. तिसऱ्या वर्षी हजार जन्मांमागे नवजात मृत्यू इथे २५.५, तिथे ५९.६. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९९९ साली ते छापलं. जेवण कसं होतं, याचा तक्ता मला त्यात आढळला नाही.

(मोजण्याची ही सवय पुढे सरकारलाही जाचली. बंगांच्याच पुढाकारातून आलेल्या २००१च्या 'कोवळी पानगळ' अहवालाने दाखवलं की कित्येक बालमृत्यू सरकारी नोंदींपर्यंत पोचतच नाहीत. नोंदलं नाही की कमी झालं, हा आपला सर्वांत स्वस्त आरोग्य कार्यक्रम.)

२०११पासून घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं हे काम देशभर आशाताईंकडे आलं. बेचाळीस दिवसांत सहा-सात घरभेटी, मोबदला अडीचशे रुपये. वरच्या बैठकीत विचारतात ते मात्र किती भेटी 'झाल्या' आणि किती फॉर्म 'आले'. भेटीला गेलेल्या ताईच्या पिशवीत चालू वजनकाटा होता का, हा प्रश्न अजेंड्यावर येईपर्यंत चहा आलेला असतो.

डॉक्टर मंडळी मागे कशी राहतील? वैद्यकीय अभ्यासक्रमात आता कुटुंब दत्तक घ्यायची योजना आहे. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला काही कुटुंबं. कल्पना झकास. कॉलेजची बस गावात येते, पोरं रक्तदाब घेतात, लॉगबुकात नोंद करतात, सरांची सही होते, बस जाते. मूल्यमापन होतं ते लॉगबुकाचं. दत्तक गेलेल्या घरातल्या आजीचा रक्तदाब तीन वर्षांनी आटोक्यात आला का, तिची गोळी उपकेंद्रात मिळते का, याला गुण नाहीत. आजीला विचारायला हरकत नव्हती. पण ती बहुधा भोजनव्यवस्थेबद्दलही खरं सांगेल.