आगीने आधी अर्ज करावा

घरपट्टीचं बिल कुणी शेवटपर्यंत वाचत नाही, या भरवशावर नगरपालिका चालतात. यंदा वाचून बघा. सामान्य कर, शिक्षण कर, वृक्ष कर, दिवाबत्ती यांच्या गर्दीत एक अग्निशमन कर अंग चोरून उभा असतो. रक्कम अशी की तिच्यावरून भांडायलाही लाज वाटावी. आणि तेवढ्या पैशांत आपण मागतो काय? मध्यरात्री सिलिंडर भडकला की शहरी निकषाप्रमाणे पाच ते सात मिनिटांत गाडी दारात हवी. बंबात पाणी, टायरांत हवा, टाकीत डिझेल, शिवाय आत माणसंसुद्धा! एवढ्या पैशांत वडापाववाला जास्तीची मिरची देत नाही.

यात पालिकेचाही तसा दोष नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली. नागरी संस्थांकडे सोपवायच्या अठरा कामांची ही यादी. त्यात अग्निशमन सातव्या क्रमांकावर आहे आणि स्मशानं-दफनभूमी चौदाव्या. क्रम लावणाऱ्याच्या दूरदृष्टीला दाद द्यायला हवी. सातवं काम जमलं नाही, तर चौदाव्याची तजवीज करून ठेवलेली आहे. या कामांना पैसे कुठून आणायचे, ते मात्र यादीत नाही. पूर्वी नाक्यावर जकात मिळायची. १९९९ साली नगरपालिकांची जकात गेली आणि त्या जागी सहायक अनुदान आलं. ते मुंबईहून निघतं, आमच्या गावापर्यंत पोहोचतं आणि पगाराच्या तारखेला संपतं. बंबासाठी उरते ती सदिच्छा.

तरीही बंब येतो बरं का! बंब घ्यायला पैसे असतात. जिल्हा नियोजन समितीतून येतात, राज्याच्या योजनेतून येतात, दिल्लीहूनही येतात. २०२३ साली केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी पाच हजार कोटींची योजना जाहीर केली. महाराष्ट्रासारख्या राज्याने त्यात पंचवीस टक्के स्वतःचे घालायचे. एकदा असा बंब मंजूर झाला की गावात दिवाळी. चौकात फ्लेक्स लागतो. फ्लेक्सवर आमदारसाहेब मोठे, नगराध्यक्ष मध्यम आणि बंब, जागा उरली तर, खाली कोपऱ्यात. नारळ फुटतो, झेंडू बांधतात, सायरन वाजतो, पोरं मागे पळतात. पाण्याचा पहिला फवारा बसस्थानकासमोरच्या पुतळ्यावर उडतो. पुतळा पेटलेला नसतो, पण दुसऱ्या दिवशी जयंती असते.

मग सर्वसाधारण सभेत एखादा सदस्य उठून विचारतो.

"साहेब, गाडी आली. चालक कुठंय?"

"मागवलाय."

"कुठून?"

"आकृतिबंधातून."

आकृतिबंध हे ठिकाण नकाशावर सापडत नाही, पण राज्यातली अर्धी भरती तिथेच मुक्कामाला असते. पदं मंजूर असतात आणि रिक्तही असतात. भरायला जावं तर आस्थापना खर्चाची मर्यादा आडवी येते. म्हणजे गाडीसाठी लाखो रुपये मिळतात, कारण ती एकदाच घ्यायची असते आणि तिच्यासमोर फीत कापता येते. फायरमनला दरमहा पगार द्यावा लागतो आणि त्याच्यासमोर फीत कापता येत नाही. वर तो जेवतो, आजारी पडतो, बूट फाटले म्हणून तक्रार करतो. मग ठेकेदार नेमतात. सहा महिन्यांचं रीतसर प्रशिक्षण घेतलेली पोरं ठेकेदाराच्या हजेरीवर येतात आणि ठेकेदाराचं बिल निघालं की पगार बघतात. तरीही सायरन वाजला की हीच पोरं चपलेवर धावत सुटतात. याचं आश्चर्य फक्त मलाच वाटतं. लेखा विभागाला वाटत नाही, कारण धावण्याला लेखाशीर्ष नाही.

बंब रिकामा बसतो असं मात्र कुणी म्हणू नये. उन्हाळ्यात तो टँकर असतो. दुभाजकावरच्या झाडांना पाणी घालतो, मिरवणुकीआधी रस्ता धुतो, मांजात अडकलेली घार सोडवतो, वादळात पडलेलं झाड उचलतो. एवढ्यातून वेळ मिळालाच तर आग विझवायला जातो. पालिकेच्या हद्दीबाहेर गेला तर त्याचं शुल्क लागतं. ग्रामपंचायतीकडे बंब नसतो, म्हणून वीस किलोमीटरवरच्या वस्तीवरून फोन येतो. गाडी पोहोचेपर्यंत कडब्याची गंज आपली आपण विझलेली असते. शेतकऱ्याला मागाहून बिल येतं.

आणि पालिकेचा बंबच गॅरेजमध्ये असला तर? तर साखर कारखान्याला फोन. त्यांचा बंब चांगला असतो, चालकही असतो. फक्त गळीत हंगामात विचारू नये. तिथे बगॅसचे डोंगर असतात आणि त्या पाच महिन्यांत कारखान्याला स्वतःच्याच आगीची काळजी असते.

जुन्या बंबाची कथा आणखी वेगळी. केंद्राच्या नियमाप्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपली. त्यात नगरपालिकांच्या गाड्याही आल्या. सूट मिळाली ती संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास वाहनांना. आगीचा कायदा-सुव्यवस्थेशी संबंध नसावा. मंत्र्यांच्या गाड्या बदलायला पंधरा वर्षं कुणी थांबत नाही, त्यामुळे हा नियम खऱ्या अर्थाने लागला तो बंबांनाच. वयाने म्हातारा, पण किलोमीटर बघाल तर कोवळा, असा बंब आगारात उभा राहतो. तो भंगारात काढायलाही निविदा लागते.

पैसा कमी असला तरी कायदा मात्र आपल्याकडे भक्कम आहे. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा अधिनियम, २००६ आहे. इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी. परवानाधारक एजन्सीकडून तपासून घ्यायची आणि दर जानेवारीत व जुलैत 'ब' नमुना भरून द्यायचा. म्हणजे वर्षातून दोनदा कागदावर सगळी यंत्रणा ठणठणीत. तो कागद खरा की खोटा, हे जाऊन बघायला माणूस लागतो. माणूस आकृतिबंधात आहे, हे वर आलंच.

२१ जून २०१२ रोजी खुद्द मंत्रालय पेटलं. पाच माणसं गेली, वरचे मजले गेले, फायलींचे गठ्ठे गेले. विझवायला राज्य सरकारचा बंब आला नाही. मुंबई महापालिकेचं दल आलं. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं गेली. राज्यभर अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रुग्ण गेले. दोन्ही रुग्णालयं सरकारी होती. इथे मला विनोद सुचत नाही.

दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ २० तारखेपर्यंत सप्ताह चालतो. मान्यवर येतात, पुष्पचक्र वाहतात, जवानांच्या मागण्या ऐकून "निश्चित विचार करू" म्हणतात. निर्धास्तपणे म्हणता येतं, कारण पालिकेचं अंदाजपत्रक तोवर मंजूर होऊन बसलेलं असतं.

आता निधी काही आगीच्या सोयीने येत नाही, हे पुरेसं सिद्ध झालं आहे. तेव्हा आगीनेच निधीची सोय बघावी, असं माझं मत आहे. मी काही निकष तयार केले आहेत. आगीने किमान तीन महिने आधी लेखी कळवावं, म्हणजे डिझेलच्या तरतुदीचा विषय सभेपुढे ठेवता येईल. मार्चमध्ये लागू नये. बिलांची घाई असते. एप्रिलमध्ये लागू नये. तरतूद वितरित झालेली नसते. आचारसंहितेत तर मुळीच नको, विझवली तर मतदारांना प्रलोभन ठरायचं. दुसऱ्या मजल्याच्या वर जाऊ नये, आमची शिडी तेवढीच आहे. बारा मजली इमारतींना परवानगी देताना शिडीचा विषय निघाला होता, पण शुल्क जमा झालं आणि विषय मागे पडला. बाजारपेठेत लागायचं असेल तर हातगाड्या उठल्यावर, म्हणजे रात्री अकरानंतर लागावं. ठेकेदाराचं बिल थकलेलं असेल त्या महिन्यात विश्रांती घ्यावी.

हे निकष मी मुख्याधिकाऱ्यांना नेऊन दिले. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचले आणि एकच दुरुस्ती सुचवली. आगीने अर्ज दोन प्रतींत करावा. एक जळाली तर दुसरी कार्यालयात राहील.