लेखक शेळीपासून किती लांब उभा आहे?

कथा-कादंबऱ्या निवडणं सोपं असतं. लेखकाचं नाव बघायचं, बक्षीस मिळालंय का बघायचं, आणि ज्या कादंबरीवर मालिका निघाली ती डोळे मिटून घ्यायची. भानगड सुरू होते ती माहितीच्या पुस्तकांपाशी. म्हणजे मधुमेह, शेळीपालन, सातबारा, वास्तुशास्त्र, बाळांची नावं, शेअर बाजार, चटण्या-लोणची आणि मृत्यूनंतरचं जीवन.

आमच्या सोनगीरच्या वाचनालयात ही निवड करायला समिती आहे. तिच्यात मला घेतलं, कारण मी कित्येक वर्षं नोकरीसाठी एसटीने धुळ्याला जाऊन-येऊन होतो आणि माझ्या मांडीवर पुस्तक उघडं असायचं. वीसेक किलोमीटरच्या त्या प्रवासात मी झोपलेला असायचो हे मागच्या बाकावरून दिसत नाही.

सरकारने 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि पुढे वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग लावून दिले. आमचं वाचनालय कोणत्या वर्गात आहे ते सांगत नाही. वर चढायला जागा भरपूर आहे एवढंच सांगतो. अनुदान हातात पडतं तेव्हा मार्चअखेर दारात उभी असते, आणि तिच्यामागे विक्रेत्यांच्या याद्या. यादीत पुस्तकाचं नाव, पानं, किंमत आणि सूट, एवढंच. आमचे खजिनदार फक्त शेवटचा रकाना वाचतात. 40 टक्के सुटीच्या पुस्तकात 25 टक्के सुटीच्या पुस्तकापेक्षा 15 टक्के ज्ञान जास्त असतं, असा त्यांचा हिशेब आहे.

ग्रंथपाल ताई मात्र शिकून आलेल्या. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, की मेल्विल ड्यूई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाने 1876 साली जगातल्या सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग पाडून त्यांना आकडे दिले. आपण प्रत्येक वर्गातलं थोडं थोडं घेऊ. मग त्या वाचू लागल्या: 641 स्वयंपाक, 636 जनावरं, 340 कायदा, 133 ज्योतिष आणि भुतंखेतं. दारात पेपर चाळत बसलेल्या एका गृहस्थांनी कान टवकारून विचारलं, "ताई, हाई ओपन शे का क्लोज?"

खरी पद्धत आम्हाला दिली ती आप्पांनी. आप्पा तांबट आळीतले. सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी खानदेशात नावाजलेली. आप्पांचे दोन्ही कान आयुष्यभराच्या मठारकामाने जवळजवळ गेलेले, त्यामुळे बैठकीत कोण काय बोलतं याचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. समितीच्या कामाला ही मोठी पात्रता आहे. नमुना म्हणून आलेलं घरगुती उद्योगांचं एक जाडजूड, गुळगुळीत कागदाचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी प्रस्तावना पाहिली नाही, लेखकाच्या पदव्या पाहिल्या नाहीत. सरळ कल्हईचं पान काढलं. तिथे लिहिलं होतं, की भांडं तापवून आतून जस्ताचा थर द्यावा.

आप्पांनी पुस्तक मिटलं. "ह्यानी जलममा कल्हई करेल नही."

कल्हई कथलाची असते. भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, मळ निघाला की कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे नेऊन पोचवायचं. कथील 232 अंशांना वितळतं. आप्पांना हा आकडा माहीत नाही, पण भांडं केव्हा तयार झालं ते त्यांना लांबून कळतं. जस्त जातं ते पितळेत, तांब्याच्या जोडीला. तांब्यात कथील मिसळलं तर कासं होतं. हे सोनगीरच्या पोराटोरांना ठाऊक, आणि ज्याला हे ठाऊक नाही त्याने त्याच पुस्तकात मेणबत्त्या, मधमाश्या आणि साबण यांवरही लिहिलेलं होतं. आप्पांचं म्हणणं सरळ होतं. आपल्याला जे येतं ते पान आधी उघडायचं. तिथे माणूस खोटं बोलला असेल तर आपल्याला न येणाऱ्या पानांवर तो काय करत असेल!

तेव्हापासून आम्ही पुस्तकं वाचत नाही, तपासायला पाठवतो.

पाककृतींची पुस्तकं शेजारच्या काकूंकडे. 'खानदेशी खासियत' म्हणून एका पुस्तकात भरीत दिलेलं होतं: जांभळं वांगं गॅसवर भाजा, टोमॅटो परता, वरून साय. काकूंनी ते पान दोनदा वाचलं आणि घरात कुणी गेल्यासारखा चेहरा केला. "भरीतमा टमाटा?" भरताचं वांगं हिरवं, पांढुरकं, हातभर, ते भाजायचं कपाशीच्या काड्यांवर, आणि हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर लाकडी बडगीत ठेचायचं. सोबत कळण्याची भाकरी. पुस्तक परत गेलं. याउलट कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' काकूंनी पास केली. 1970 सालचं पुस्तक, पण बाई वाटी-चमच्याच्या मापाने सांगतात आणि सांगितलं तेवढं घातलं की पदार्थ होतो. "तिनी रांधेल शे," काकू म्हणाल्या. मोठमोठ्या समीक्षकांना याहून थोडक्यात परीक्षण लिहिता आलेलं मी पाहिलेलं नाही.

शेळीपालनाची पुस्तकं यादीत सर्वांत जास्त असतात. त्यांना माझी स्वतःची एक चाचणी आहे: मुखपृष्ठावर लेखक शेळीपासून किती लांब उभा आहे ते बघावं. कोटातला लेखक आणि कुंपणापलीकडची शेळी असं चित्र असेल तर पुस्तक ठेवून द्यावं. पण आमच्या गावच्या मेंढपाळाने माझ्यावर मात केली. त्याने नफ्याचा तक्ता काढायला लावला. दहा शेळ्या, पाच महिन्यांत वीत, जुळी करडं, पुन्हा त्यांची करडं. पाचव्या वर्षी लेखक जवळपास अख्ख्या धुळे तालुक्यात शेळ्या चारत होता. मेंढपाळाने शांतपणे विचारलं, "ह्यान्या बकऱ्या मरतसच नही का?" ज्या पुस्तकात पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचायला सांगितली होती आणि तक्त्यात मेलेल्या करडांचा रकाना होता, ते आम्ही घेतलं. त्याला सूट फक्त 10 टक्के होती. खजिनदारांनी सही करताना मान दुसरीकडे वळवली.

कायद्याच्या पुस्तकांना तपासनीस शोधावे लागत नाहीत, गावात भाऊबंदकी पुरेशी आहे. सातबारा कसा वाचावा, आठ-अ म्हणजे काय, फेरफारावर हरकत कुठे घ्यावी, हे सांगणारं एक साधं पुस्तक आमच्याकडे आहे. एकाच बांधावरून भांडणारे दोन सख्खे भाऊ ते आळीपाळीने नेतात. एकाच वाक्याखाली एकाची निळी रेघ आहे आणि दुसऱ्याची लाल. दोघांनाही आपण जिंकणार असं वाटतं, म्हणजे पुस्तक चांगलं असावं.

आरोग्याच्या पुस्तकांपाशी आप्पांची पद्धत अडखळते. इथे तपासायला दिलेला माणूस पुस्तक वाचून झाल्यावर सगळी लक्षणं आपल्याला आहेत असं सांगत येतो. शेवटी आम्ही ही पुस्तकं दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे धाडली. 'मधुमेह पंधरा दिवसांत मुळापासून बरा' अशी जाहिरात असलेली त्यांनी मुखपृष्ठावरच नापास केली. आत शिरल्याच नाहीत.

बाकी नेमकं लिहिणाऱ्यांचं आमच्या जिल्ह्याला वावडं नाही. इतिहासाचे कागद गोळा करत हिंडणारे राजवाडे 1926 साली धुळ्यातच वारले. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेचा एक अध्याय सांगितला, साने गुरुजींनी तो उतरवून घेतला. श्रोत्यांना उठून जायची सोय नव्हती हे खरं, पण बाहेरच्या वाचकांनीही त्या प्रवचनांचं पुस्तक सोडलेलं नाही. आणि जगातल्या सगळ्या विषयांवर मराठीत विश्वकोश काढायची जबाबदारी ज्यांनी घेतली ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पिंपळनेरचे. पहिला खंड 1976 साली निघाला, विसावा 2015 साली, तर्कतीर्थ गेल्यावर एकवीस वर्षांनी. अंकापासून ज्ञेपर्यंत जायला एवढा वेळ लागतो; आमच्या यादीतले लेखक हे काम 96 पानांत उरकतात. आमच्याकडचे विश्वकोशाचे खंड इतके कोरेकरकरीत आहेत, की पाहुण्यांना ते दाखवताना मला संकोच वाटतो.

आप्पांच्या हाताखालून सहीसलामत सुटलेलं सर्वांत जुनं पुस्तक म्हणजे 1880 सालचं खानदेशचं गॅझेटिअर. त्यात सोनगीरच्या तांब्या-पितळेच्या कामाची नोंद आहे. इंग्रजी मजकूर मी मराठीत सांगत गेलो, आप्पा माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इंग्रज व्हता, पन इचारीसन लिखेल शे."

राहता राहिली व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तकं. श्रीमंत व्हा, लवकर उठा, लोकांवर छाप पाडा. ही तपासायला गावात जाणकार मिळाला नाही. जो श्रीमंत आहे तो वाचत नाही, जो लवकर उठतो त्याला म्हशी असतात, आणि छाप पाडणारे सगळे निवडणुकीत गुंतलेले. यंदा ती घेतली नाहीत.

त्यातून जे पैसे वाचले ते तसेच पडून आहेत. आम्हाला तांबटकामावरचं मराठी पुस्तक हवं होतं: पत्रा कसा निवडावा, मठारताना ठोका कुठून सुरू करावा, घागरीचा गळा कसा बसवावा, कल्हई केव्हा द्यावी. आमच्यापर्यंत आलेल्या कुठल्याही यादीत ते नव्हतं. वाचकांपैकी कुणी असं पुस्तक लिहिणार असेल तर त्याने मार्चच्या आत सोनगीरला यावं. आप्पा दुपारी घरीच असतात, जरा मोठ्याने बोलावं लागेल. आम्ही दोन प्रती घेऊ आणि सूट मागणार नाही. खजिनदारांशी तसं बोलणं झालं आहे.