हावड्याचं लोहयुग

वेल्समध्ये कास्टेल हेनलिस नावाचं एक ठिकाण आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या केल्टिक लोकांची गोल, शाकारलेली घरं तिथे जुन्याच पायांवर पुन्हा उभी केली आहेत. भाचा ते बघून आला आणि घरच्या ग्रुपवर लोहयुगाचे धडे देऊ लागला. आम्हाला विलायत परवडेना, पण गीतांजली एक्सप्रेसचं तिकीट मिळालं. मग आम्हीही लोहयुग बघायला थेट हावडा गाठलं.

स्टेशनाच्या नव्या इमारतीजवळच पूर्व रेल्वेचं रेल संग्रहालय आहे, २००६ साली उघडलेलं. वाफेची इंजिनं आभाळाखाली उभी. लोखंड इतकं, की केल्टांना घेरी यावी. उन्हाने एवढं तापलेलं, की कोळसा न घालता इंजिन निघेल असं वाटावं. एका इंजिनाच्या चाकाला मी कौतुकाने हात लावला आणि बोटांना फुंकर घालत मागे आलो. हिने माझ्याकडे न बघताच पाण्याची बाटली पुढे केली.

आत हावडा स्टेशनची प्रतिकृतीही आहे. खरं स्टेशन हाकेच्या अंतरावर असताना खोटं बांधायचं, हे बंगालीच करू जाणे! अर्थात खोट्याचा एक फायदा आहे. तिथे डोक्यावर तीन बॅगा घेतलेला हमाल "हटो, हटो" करत अंगावर येत नाही.

सावलीत एक छत्रीधारी दादा बसले होते. "मुंबईचे" म्हटल्यावर ते हसले. तिथेच थांबायचं, तर मी छाती फुगवून म्हणालो, "पहिली गाडी आमची! १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे."

दादांनी छत्री मिटली. लक्षण बरं नव्हतं.

"आमचे डबे घेऊन येणारं जहाज गंगेच्या मुखाशी बुडालं," ते म्हणाले. "आणि इंजिनाचं जहाज चुकून ऑस्ट्रेलियाला गेलं. नाहीतर पाहिलं असतं!"

मला ही थाप वाटली, पण रेल्वेच्या इतिहासात हे खरंच नोंदलेलं आहे. ते इंजिन जग पाहून येईपर्यंत आणि हावड्याची पहिली गाडी सुटेपर्यंत १५ ऑगस्ट १८५४ उजाडला.

"पण पहिल्याच दिवशी हुगळीपर्यंत २४ मैल! तुमचं ठाणं किती?"

"एकवीस," हिने परस्पर सांगून टाकलं.

आता हुकमी पत्ता काढणं भाग होतं. "ही गीतांजली १९७७ साली कोणी सुरू केली? आमच्या रेल्वेमंत्री मधु दंडवत्यांनी! दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली तीही त्यांच्यामुळेच."

"गादी तुमची," दादा शांतपणे म्हणाले, "नाव कोणाचं?"

रवींद्रनाथांपुढे काय बोलणार! चहाचे पैसे मी दिले.

हावड्याला गेलात तर हे संग्रहालय जरूर बघा. परतीच्या गाडीआधी दोन तास हाताशी ठेवा: एक इंजिनांसाठी, एक १८५३ साठी.