विचारलं नव्हतं, पण सांगायला हवं होतं

इंग्लंडमधल्या एका बाईंनी १९६३ साली स्वतःच्या आणि नवऱ्याच्या दागिन्यांचा विमा उतरवला. नवरोबांना त्याआधी चोरीच्या सिगारेटी घेतल्याबद्दल शिक्षा झालेली होती. कंपनीने विचारलं नाही, बाईंनी सांगितलं नाही. (नवऱ्याची भानगड चारचौघांत न बोलणं याला आपल्याकडे संसार म्हणतात.) पुढे नवरोबांनी प्रगती केली आणि चोरीच्याच प्रकरणात १५ महिन्यांची कैद मिळवली. बाईंनी पॉलिसीचं नूतनीकरण केलं. कंपनीने हप्ता मोजून घेतला, नवऱ्याची चौकशी केली नाही. १९७२मध्ये ३११ पौंडांचे दागिने गेले, तेव्हा मात्र कंपनीला एकाएकी नवरा आठवला. दावा फेटाळला!

१९७५ साली अपील न्यायालयानेही कंपनीचीच बाजू उचलून धरली. विचारलं नसलं तरी, शहाण्या विमा कंपनीला काय महत्त्वाचं वाटेल हे बाईंनी ओळखून आपणहून सांगायला हवं होतं. न्यायमूर्तींना बाईंबद्दल सहानुभूती वाटली. सहानुभूतीचे पौंड होत नाहीत.

हा अन्याय संसदेने तातडीने, म्हणजे ३७ वर्षांनी, दूर केला. २०१२च्या कायद्याने ठरलं की सामान्य ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नांची नीट, खरी उत्तरं द्यावीत. मनकवडा असण्याची सक्ती नाही. शिवाय १९७४च्या कायद्याप्रमाणे तिकडे जुना गुन्हा मुदतीनंतर ‘फिटतो’, आणि फिटलेला गुन्हा विम्याच्या फॉर्मवर लिहावा लागत नाही. आजच्या नियमाप्रमाणे सहा महिन्यांची कैद झालेला इसम शिक्षेची मुदत संपल्यावर वर्षभराने स्वच्छ होतो. गाडी भरधाव हाकल्याचा शेरा लायसन्सवर बसलेला मात्र पाच वर्षं मळलेलाच. तुरुंगाची हवा एकंदरीत पेट्रोलच्या धुरापेक्षा शुद्ध असावी.

कंपन्या आता विचारतात. मनापासून विचारतात. तुम्हाला शिक्षा झाली आहे का? घरात राहणाऱ्या आणखी कुणाला? म्हणजे चिरंजीवांनी दुकानातून काही उचललं आणि गुन्हा अजून फिटला नसेल, तर वडिलांच्या घराला आग लागण्याचा संभव वाढतो. यामागचं शास्त्र आम्हाला समजलेलं नाही. चिरंजीवांना काड्यापेटीचा नाद असता तर समजलं असतं.

खरं लिहिणाऱ्याला बरेचदा दारातूनच नमस्कार मिळतो, नाहीतर हप्ता दामदुप्पट. खोटं लिहिणाऱ्याचं स्वागत होतं. तो वर्षानुवर्षं हप्ते भरतो, दिवाळीला नसलं तरी नाताळाला कंपनीचं शुभेच्छापत्र घेतो, आणि घर जळाल्यावर त्याचं खोटं सापडतं. ते जाणूनबुजून होतं असं ठरलं, तर पॉलिसी मुळापासून रद्द आणि भरलेले हप्तेही सहसा कंपनीकडेच राहतात. तेव्हा कोणत्याही हिशेबनिसाला विचारा, कंपनीला परवडणारं गिऱ्हाईक कोणतं.

खऱ्या माणसाची वाट पुढे आणखी रुंद होते. घराचा विमा नाही म्हणून बँक घरकर्ज देईना. गाडीचा विमा नाही, आणि विम्याविना गाडी रस्त्यावर आणणं तिकडे गुन्हा. म्हणजे कामावर जायला निघाला तरी नव्या शिक्षेची सोय. तरीही गडी हरत नाही. दुसऱ्या कंपनीचा फॉर्म मागवतो, चष्मा लावतो, शिक्षेच्या रकान्यात पुन्हा खरं लिहितो आणि पुढच्या प्रश्नाशी येतो : यापूर्वी एखाद्या कंपनीने तुम्हाला विमा नाकारला आहे काय?