कृपया गिफ्ट आणू नये

अहो वहिनी, जरा कुंपणाशी या ना. तुमच्याकडे उंदराचं औषध आहे का? माळ्यावर नुसता धुडगूस घातलाय मेल्यांनी. आणि कोपऱ्यावरच्यांची पत्रिका आली का? खाली बारीक अक्षरांत छापलंय, 'कृपया गिफ्ट आणू नये'. मुलाच्या ऑफिसातले दोन जर्मन साहेब यायचेत म्हणे लग्नाला. त्यांनी ती ओळ वाचली तर म्हणतील, बरं झालं आधीच सांगितलंत!

हसताय काय? जर्मनीत गिफ्ट म्हणजे विष. आमची भाची चार वर्षं होती ना स्टुटगार्टला, तिनंच सांगितलं. बाळाच्या डॉक्टरांनी तिला फ्रिजवर लावायला एक कागद दिला. वर 'गिफ्टनोटरूफ' आणि खाली फोन नंबर. ही म्हणते, वा, भेटवस्तू द्यायलासुद्धा मदतीचा फोन! निघाला मुलानं काही विषारी गिळलं तर करायचा फोन. विषारी अळंबी ती 'गिफ्टपिल्त्स'. आणि पुस्तकं कुलपात ठेवायची वेळ आली तर त्या कपाटालाही 'गिफ्टश्रांक' म्हणतात, विषाचं कपाट.

गंमत पुढेच आहे. त्यांच्यातही आपल्यासारखंच तो-ती-ते. आपलं 'ते विष', तसं त्यांचं 'दास गिफ्ट', नपुंसकलिंगी. पण आधी 'मिट' लावलं की स्त्रीलिंगी होतं, 'दी मिटगिफ्ट'. अर्थ काय, तर हुंडा! आंदण म्हणा हवं तर. मिट म्हणजे सोबत, मुलीसोबत दिलेलं ते. पूर्वी नुसत्या गिफ्टचा अर्थही देणं असाच होता आणि तेव्हा ते स्त्रीलिंगी होतं. भेटीचा अर्थ झडला, विष उरलं, लिंग पालटलं. मिटगिफ्टमध्ये मात्र जुना अर्थ जुन्या लिंगासकट राहिला, वाड्यात एखादी आत्या मागं राहते तसा.

देण्याचं विष कसं झालं म्हणता? ग्रीकांमुळे. त्यांचं 'दोसिस' म्हणजे देणं. वैद्य त्यावरून औषधाच्या मात्रेला दोसिस म्हणू लागले. आपण पोरांना उपदेशाचे डोस पाजतो ना, तो हाच. जर्मनांनी तीच रीत उचलली. शिवाय विषाला तोंडावर विष कोण म्हणतं? तुम्ही-आम्ही उंदराचं औषध म्हणतो. उंदराला बरं करायचंय थोडंच? आणि खेड्यात 'त्यानं औषध घेतलं' असं दबक्या आवाजात कुणी सांगितलं, की पुढं काही विचारत नाहीत.

आता भाची गेलीय स्वीडनला, गोथेनबर्गला. तिथल्या एका फॉर्मवर चौकोन होते, 'गिफ्ट' की 'ऊगिफ्ट'? जर्मन शिकलेली पोर, दचकलीच! तिकडे गिफ्ट म्हणजे विवाहित. म्हणतात 'यिफ्त', कारण इ-च्या आधीच्या ग-चा ते य करतात. आणि विष? तेही यिफ्तच! फरक व्याकरणाचा. विष हे नाम, त्याला 'एत्त' लागतं. विवाहित हे विशेषण, नवरा-बायको दोघं म्हटलं की 'यिफ्ता'. लग्न करणं म्हणजे 'यिफ्ता सेय', स्वतःला देणं. आणि मुलगी उजवून टाकायची तर 'यिफ्ता बोर्त'.

मला नाही हो नवल वाटलं. आपण काय विचारतो? 'थोरलीला कुठं दिली?' सांगलीला दिली. तेच ते. डेन्मार्क-नॉर्वेतही लग्न आणि विष एकाच शब्दात, आणि त्यावरचा विनोद तिकडेही शिळा झालाय. स्ट्रिंडबर्ग म्हणून स्वीडनचा मोठा लेखक, त्यानं १८८४ साली 'यिफ्तास' नावाचं लग्नांच्या गोष्टींचं पुस्तक काढलं, तर त्याच्यावर खटला! लग्नाची निंदा केली म्हणून नव्हे, धर्माची. सुटला तो.

हॉलंडवाल्यांनी बरी सोय केलीय. शेवटचा ट ठेवला तर देणगी, गाळला तर विष. आणि इंग्रजांना हसू नका, फार जुन्या इंग्रजीत हाच शब्द बायकोसाठी मोजलेल्या मोलाला होता.

मोलावरून आठवलं. परवा कोपऱ्यावर टेम्पो आला तो पाहिलात? कपाट, सोफा, वॉशिंग मशीन, सगळं मुलीकडून. मी सहज विचारलं, तर त्या म्हणतात, 'आम्ही काही मागितलं नाही हो, त्यांनी हौसेनं दिलं.' १९६१ चा हुंडाबंदीचा कायदा आहे, पण हौसेला कोण अडवणार? आणि वर पत्रिकेत गिफ्ट नको!

आणलंत का औषध? द्या इकडे. अहो, असं नुसतं पुडीत नको, वर नाव घाला. नाहीतर आमचे हे रात्री बडीशेप म्हणून तोंडात टाकायचे.